बिल शून्य, खर्च एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता तेव्हा एखाद्या पानठेल्यापाशी दोन मिनिटं गाडी थांबवा, ही पहिली विनंती. बंदोबस्तात सिव्हिल लाइन्समध्ये ठेला सापडला नाही तर इतवारीत या, आमच्या दुकानासमोरच तीन आहेत. खर्रा कसा घोटतात ते बघा. सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू, बोटाच्या टोकावर ओला चुना. मग ते सगळं प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून फळीवर तळहाताने घासायचं, पन्नी गरम होईपर्यंत. वरून रबर लावून गिऱ्हाइकाच्या हातात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. कंपनीच्या तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचं चित्र छापावं लागतं. खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं. तिला कंपनी नाही, बिल नाही.

मी इतवारीत एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. २६ वर्षं झाली. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, पण जमाखर्चात खोट कुठे आहे ते कळतं, आणि कॅन्सरच्या बाबतीत सरकारच्या जमाखर्चात एक रकाना कोरा आहे. त्यासाठी हे पत्र.

माझे भाऊजी गवंडी. राहतात उमरेडच्या पलीकडे. दिवसाला तीन-चार खर्रे, वीस वर्षांपासून. मागच्या दिवाळीत डाव्या गालाच्या आत फोड आला. त्याआधी वर्षभर तिथे पांढरा चट्टा होता, असं नंतर कळलं. "तिखट लागते, बाकी काही नाही," म्हणायचे. ताईने मला फोन केला तोवर त्यांचं तोंड पोळीचा घास जाण्याइतकंही उघडत नव्हतं. डॉक्टरांनी काय केलं ते सांगतो, कारण या तपासणीला एक पैसा लागत नाही: स्वतःच्याच हाताची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोग्याची तीन मावतात. भाऊजींचं दीड बोट गेलं.

त्या दिवसापासून मी वही घातली. सवयच आहे. डावीकडे 'योजनेने दिले', उजवीकडे 'आपण दिले'.

योजनेबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड होतं, आरोग्यमित्र भेटला, मंजुरी आली, ऑपरेशन झालं, जबडा आणि मान दोन्हीकडचं. त्यानंतर तीस दिवसांचा शेक, म्हणजे रेडिएशन. रुग्णालयाने आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच नात्यात याच आजारापायी दोन एकर वावर विकलं गेलं होतं, म्हणून या शून्य बिलाची किंमत मला ठाऊक आहे.

आता उजवी बाजू. तोंडात फोड दिसल्यापासून 'हा कॅन्सरच' असा कागद हातात पडेपर्यंत अकरा आठवडे गेले. तेवढ्यात डॉक्टरांची फी आणि तोंडाला लावायच्या मलमांच्या ट्यूबा २,३०० रुपये. बाहेरून केलेलं रक्त आणि सीटी ७,४००. गालातला तुकडा (बायोप्सी) दोनदा तपासायला टाकावा लागला, पहिल्यांदा नमुना अपुरा निघाला म्हणून, ३,२००. येणं-जाणं ३,९००. बेरीज १६,८००. या काळात योजना कुठेच नव्हती, कारण योजना उघडते ती रोगाचं नाव ठरल्यावर, रुग्ण भरती होताना. नाव ठरवण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

पहिला नमुना अपुरा आहे हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. निरोप द्यायला भाच्याचा नंबर दिला होता आणि त्याचा रिचार्ज संपला होता. दोष कोणाचा म्हणू? भाऊजी तर खुशच होते, फोन आला नाही म्हणजे काही निघालं नाही. शिवाय गावात जो-तो सांगत होता, "तुकडा काढला का पसरते म्हनते." दुसऱ्यांदा त्यांना न्यायला मला एक अख्खा रविवार घालवावा लागला.

उपचार सुरू झाल्यावरचा खर्च वेगळा. शेक आठवड्यातून पाच दिवस, दुपारची वेळ, मशीनपुढे आठ-दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांसाठी उमरेडहून रोज ये-जा करणं गालाला टाके असलेल्या माणसाला झेपत नाही. दोन महिने खोली, ७,००० रुपये. दोघांचं खाणं १४,०००. नळीतून द्यायचं दूध, अंडी, डब्याची पावडर ६,२००. बाहेरून आणलेली औषधं ५,३००. प्रवास ४,५००. म्हणजे ३७,०००. आणि सात महिने हातात थापी नाही: महिन्याला २४ दिवस, ८०० रुपये रोज, १,३४,४००. ताईची ब्लाउज शिवण्याची मशीन बंद होती, ते मी धरलेलं नाही.

एकूण १,८८,२००. साहेब, यातला एक रुपयाही आपल्या खात्याच्या कागदावर नाही. तिथे भाऊजी 'कॅशलेस लाभार्थी' आहेत.

आता खर्चाची दुसरी गोष्ट. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मोजला आहे. लवकरच्या टप्प्यात एका रुग्णामागे सुमारे १ लाख १७ हजार, पुढे गेलेल्या टप्प्यात २ लाख २ हजारांच्या वर. फरक ८५ हजारांचा. योजनेतून हा फरक सरकारच भरतं. म्हणजे आम्हाला बाहेर करायला लावलेल्या तपासण्यांचे १६,८०० वाचवून, त्यांना लागलेल्या उशिरापायी, त्याच्या पाचपट रक्कम मोजायची तयारी सरकारने ठेवली आहे. आमच्या शेठनं असा सौदा केला असता तर मी त्यांना हात जोडून थांबवलं असतं.

तपासणीने सरकारचे पैसे हमखास वाचतात असं मात्र मी म्हणणार नाही. सगळ्यांना तपासत सुटलं तर हजारांतून थोडे सापडतात, काहींना उगाच धास्ती बसते, खर्च वाढतो. म्हणून कुठे आणि कोणाला हे महत्त्वाचं. त्याचे धडे आपल्याच राज्यात गिरवले गेले आहेत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांना घेऊन वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्या हाताने स्तनाची तपासणी करायच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून बघायच्या. व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनाच्या बाबतीत फायदा ठळक दिसला तो पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये, जवळपास ३० टक्के. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या एकाच चाचणीने त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये छापून आलं. तोंडाचा धडा केरळातला: तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात तोंड तपासण्याचा उपयोग झाला तो तंबाखू-दारूवाल्यांमध्ये. नागपुरात पुरुषांच्या कॅन्सरमध्ये तोंडाचा नंबर पहिला आहे आणि खर्रा कोण खातो हे शोधायला सर्व्हे लागत नाही, दात बघितले तरी पुरतं.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये एकदा तरी तोंड तपासून घेतलेल्या ०.९ टक्के, पुरुषांमध्ये १.२ टक्के.

असं का होतं ते ताईच्या घरी दिसलं. फोड येण्याच्या वर्षभर आधी आशाताई घरी येऊन फॉर्म भरून गेल्या होत्या. तंबाखू खातात का? हो. त्या प्रश्नाला गुण असतात, बेरीज चारच्या वर गेली की माणसाला पुढे तपासायला पाठवायचं असतं. फॉर्म भरला ताईने सांगितल्यावरून, कारण सकाळी अकरा वाजता गवंडी घरी कसा असेल? आशाताईंनी त्यांचं काम केलं, वर आकडाही गेला असणार. भाऊजींच्या तोंडात त्या वर्षी कोणीच टॉर्च मारला नाही. तेव्हा तो चट्टा पांढराच होता.

म्हणून सांगतो, पुरुषांची तोंडं तपासायची तर घरी जाऊन उपयोग नाही. सकाळी सात वाजता मजुरांच्या ठिय्यावर जावं लागेल, पहाटे कळमन्याच्या बाजारात हमालांकडे, संध्याकाळी ऑटो स्टँडवर. नागपुरात सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथली पोरं टॉर्च आणि लाकडी पट्टी घेऊन उभी राहिली तर एका माणसाला तीन मिनिटंही लागत नाहीत. आणि ज्याच्या तोंडात चट्टा किंवा न भरणारा फोड दिसेल त्याचा तुकडा, सीटी, रक्त हे सगळं योजनेत घ्या, निकाल काहीही येवो. कॅन्सर निघाला तरच पैसे, असं ठेवाल तर माणूस तपासायला येणारच नाही. दोन आठवड्यांत अहवाल त्याच्या हातात पडला पाहिजे. फोन लागला नाही तर गावातल्या आशाताईंकडून निरोप जावा आणि त्या फेरीचे त्यांना वेगळे पैसे मिळावेत.

बुडालेल्या मजुरीबद्दल मागताना मला संकोच वाटत होता. मग आठवलं की टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत सरकार खात्यात महिन्याला पैसे टाकतं, २०१८ पासून ५०० रुपये, आता १,०००. रस्ता पाडलेलाच आहे. शेकाच्या सहा-सात आठवड्यांपुरतं तरी गाठीला काही असलं तर माणूस मधेच गावी पळत नाही. भाऊजींच्या शेजारच्या खाटेवरचा गडचिरोलीकडचा एक जण अठराव्या शेकानंतर धान कापणीला म्हणून गेला, तो आम्ही असेपर्यंत परत आला नव्हता. त्याच्या ऑपरेशनवर सरकारचे जे पैसे लागले ते कोणत्या खात्यात लिहायचे?

आणखी एक. आपल्या खात्याच्या जाहिरातीत 'इतके लाख नागरिकांची तपासणी' असं असतं. पुढचे दोन आकडेही छापा: त्यातल्या किती संशयितांचा तुकडा तपासला गेला आणि त्याला किती दिवस लागले. जिल्हावार छापा.

भाऊजींचं आता बरं आहे. दोन बोटं जातात. पोळी दुधात कुस्करून खातात, थापी अजून हातात घेतलेली नाही. खर्रा सुटला, सुपारी मात्र मागतात, ताई देत नाही.

वहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पान १४ वर चहाचा डाग पडल्याने एक आकडा वाचता येणार नाही. तो ६० रुपयांचा आहे, मेडिकल चौक ते बसस्टँड, ऑटो. प्रवासाच्या बेरजेत धरला आहे.

आपला,
एक हिशेबनीस
इतवारी, नागपूर