किडा आपल्या वावरातला छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या शेतीच्या पानावर मागच्या हप्त्यात पऱ्हाटीवरच्या किडींची माहिती आली होती. मजकूर बरोबर होता पण वर जो फोटो टाकला तो पाहून डोक्याला हातच लावला. ते पान कपाशीचं नाहीच, अन् किडा कोणत्या देशातला कोण जाणे. वाघ छापायचा असला की तुम्ही ताडोब्याचाच छापता ना, मग किडा बाहेरचा कशाला?

कोणी म्हणेल एवढ्याशा फोटोनं काय होते. लय होते. ढालकिडा (लेडीबर्ड) तर सगळेच ओळखतात, लाल-नारंगी, पाठीवर काळं, त्याला कोणी हात लावत नाही. पण त्याची अळी जवळून पाहिली का कोणी? काळपट, लांबुळकी, अंगावर बारीक काटे, मधात नारंगी डाग, मागं निमुळती होत गेलेली, सरळ सुसरीचं पिल्लूच. हीच अळी मावा, म्हणजे पानाचा रस पिणारे बारीक किडे, खाऊन वाढते. अन् आमच्या इकडं ही दिसली की लोकं म्हणतात नवीन रोग आला बावा, अन् पंप पाठीवर घेतात. मावा मरते अन् मावा खाणारीही मरते, मग काही दिवसांनी मावा तेवढा परत येते अन् कृषी केंद्राची उधारी वाढते. 2017 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार अन् मजूर गेले ते कोणी विसरलं नाही, त्यामुळं एक फवारा वाचला तर काय वाचते हे आम्हाला सांगायला नको.

बरं, हे फोटो काढायला लाखाचा कॅमेरा पाहिजेच असं काही नाही. मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स थोडक्या पैशात मिळते, गावात दोन-चार पोट्ट्यांकडं आहे. फक्त सकाळी दव असताना जावं लागते, तेव्हा किड्याचं अंग थंड असते, ऊन लागेपर्यंत तो फारसा हलत नाही. लेन्स अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावी लागते, तिथं स्क्रीनवर बोट दाबून काही होत नाही, मोबाइलच मागंपुढं सरकवायचा, अन् फोकसमध्ये येते ते जेमतेम मिलिमीटरभर, डोळे साफ आले की पाय धूसर. त्यात वारा. एका हातानं फांदी धरायची, श्वास रोखायचा अन् धडाधड काढत राहायचं, ढीगभर काढले की त्यातला एखादा कामाचा निघते. पानाखाली अंधार असते, तिथं बाजूनं पांढरा कागद धरला की बराच उजेड पडते.

पण मग जे दिसते ना! पानावर बारीक दांड्या अन् दर दांडीच्या टोकाला एक अंडं, लोकं त्याला बुरशी समजतात, ती असतात क्रायसोपाची, म्हणजे पिकावरच्या किडी खाणारा मित्रकीटकच. पानाचा रस पिणाऱ्या तुडतुड्याचं पिल्लू पानाच्या खालून तिरपं तिरपं पळते, एकदा ते पाहिलं की ओळख विसरत नाही. डोमकळी, म्हणजे आत अळी असल्यानं न उमलता मिटून राहिलेलं फूल, उघडून आतला फोटो घ्या, गुलाबी बोंडअळी लहान असताना पांढरटच असते, गुलाबी रंग नंतर चढते, अन् पेपरात पाहावं तर कायम गुलाबीच. म्हणजे जेव्हा ओळखायची गरज असते तेव्हाचा फोटो कोणी छापतच नाही.

एक मात्र सांगतो, फोटोच्या स्पर्धेत बक्षिसाच्या नादात काही जण किडा फ्रीजात ठेवून सुन्न करतात, गोंदानं चिकटवतात, मेलेला किडा फुलावर मांडून जिवंत म्हणून दाखवतात. असले फोटो घेऊ नका. मारून काढलेला फोटो कास्तकाराच्या कामाचा नाही, त्याला किडा कोणत्या पानावर, वर की खाली, काय खात बसला हेच पाहायचं असते.

तर म्हणणं एवढंच की दर हप्त्याला एक फोटो छापा, त्या हप्त्यात वावरात जे आहे त्याचा. मित्रकीटक असला तर त्याची अळी अन् अंडी पण छापा. नाव छापायच्या आधी पक्कं करून घ्या, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, विचारायला माणसं जवळच आहेत. चुकीचं नाव छापण्यापेक्षा न छापलेलं बरं. खाली साइज मिलिमीटरमध्ये लिहा, नाहीतर 3 मिलिमीटरचा तुडतुडा पेपरात बोटाएवढा पाहून लोकं वावरात तेवढाच शोधत बसतील. अन् कृपा करून रंगीत पानावर छापा, काळ्या-पांढऱ्यात सगळ्या अळ्या सारख्याच दिसतात.

फोटो कुठं पाठवायचे तो नंबर पेपरात द्या, आमच्याकडचे पोट्टे पाठवायला तयार आहेत. पैसे नाही दिले तरी चालते, फोटोखाली पोराचं अन् गावाचं नाव टाका.

आपला नियमित वाचक,
एक कास्तकार, ता. आर्णी, जि. यवतमाळ