आंबेनळी घाटातल्या पिकअपवाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय.

गेल्या आषाढात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना, प्रतापगडचा फाटा मागे पडल्यावर, ऐन वळणावर आमचा मागचा टायर बसला. धुकं दाटत होतं, विरत होतं. मोबाईलला रेंज नाही. गाडीत मी आणि सत्तरीची आई. 2018 च्या जुलैत याच घाटात बस दरीत कोसळली होती, ते तिच्या मनातून जाईना. दरीकडे पाठ करून ती रामरक्षा म्हणत बसली होती.

तासाभरात कितीतरी गाड्या गेल्या. एक गाडी थोडं पुढे धबधब्यापाशी थांबली. मी हात केला, त्यांनी पाहिलाही. फोटो काढले आणि निघून गेले. तो राग अजून गेलेला नाही.

मग तुम्ही आलात. भाजीचे क्रेट भरलेला पिकअप वळणाच्या अलीकडे लावलात, चारही इंडिकेटर चालू केलेत. आमच्या चाकांना दगडांची ओट दिलीत, झाडाची फांदी मोडून मागे रस्त्यात टाकलीत. माझ्याच्याने हलत नव्हता तो नट तुम्ही पान्यावर उभं राहून सोडवलात. आईला म्हणालात, "मावशी, घाबरू नका, मी रोजचा आहे या घाटातला." ती तेव्हा पहिल्यांदा बाहेर बघायला लागली.

पैसे घेतले नाहीत, ते तर आहेच. पण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ते त्यानंतरचं. मी गाडी पुढे घेतली, आरशात पाहिलं तर तुम्ही धो धो पावसात वाकून एकेक दगड उचलून गटाराकडेला टाकत होतात. मग फांदीही ओढून बाजूला केलीत. मी ओरडले, "राहू द्या दादा, भिजताय!" तुम्ही म्हणालात, "मागनं कुणी बाईकवाला आला तर?"

जो अजून आलेलाच नव्हता, त्याची काळजी! अशा माणसांच्या भरवशावरच घाट चालतात. रेलिंग आणि पाट्या नंतर.

आई अजून मधूनच विचारते, "आपल्यापायी त्याच्या भाजीला उशीर झाला असेल का गं?"

पोचली होती ना दादा, वेळेवर?