महूच्या सुभेदार काकांना, बाबांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल

सुभेदार काका, सा. न. वि. वि.

बाबांचं रिव्हॉल्व्हर नीट धरायला शिकवलंत म्हणून फोनवर थँक्यू म्हणायला गेले तर तुम्ही "बरं बरं, प्रॅक्टिस चालू ठेवा" म्हणून फोन ठेवून दिलात, म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये, पण महूत आणि इकडे इंदूरला रामबागेत आपल्या ओळखीच्या लोकांना कळेलच कोण ते.

बाबा गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झालं. लायसन्सची कथा सांगत बसत नाही, झालं एकदाचं. सगळे नातेवाईक म्हणाले विकून टाक, पोरीच्या जातीला काय करायचंय. पण काका, बाबा दरवर्षी खंडेनवमीला ते पूजेत मांडायचे, आधी बेडरूमच्या खिडकीत बसून तेल लावून पुसायचे, आणि त्या दस्त्याचं लाकूड त्यांच्या तळव्यानं एका बाजूला इतकं गुळगुळीत झालंय की अंधारात पण हाताला कळतं. ते मी कुणाला कसं विकू? आणि नुसतं वर्षातून एकदा झेंडूचं फूल वाहायचं पण मला पटत नव्हतं, बाबा ते चालवायचे, नीट चालवायचे, मला पण नीटच चालवायचं होतं.

तर तुमच्या आधी जे भेटले त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. शूटिंगच्या रेंजवर ज्याला त्याला शिकवायचं होतं. "कसके पकड़ो मॅडम", "और ऊपर पकड़ो", "ताकत लगाओ". मी वर पकडलं, घट्ट पकडलं, सांगतील तसं सगळं केलं, आणि प्रत्येक गोळीला ट्रिगर गार्डची, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याची, मागची कड मधल्या बोटाच्या सांध्यावर अशी बसायची की डोळ्यांत पाणी यायचं. बोट सुजलं, कणीक मळता येईना, लॅपटॉपवर टाइप करता येईना. हे सांगितलं तर एक साहेब हसून म्हणाले, लेडीज के लिए नहीं है ये, एयर पिस्टल ले लो. एकानं तर माझ्याशी न बोलता शेजारच्या माणसाला सांगितलं की इनका हाथ छोटा है. माझा हात काय आहे ते मला विचारा ना, मी समोरच उभी आहे.

आणि मग तुम्ही. तुम्ही आधी विचारलंत, "रिकामं आहे? दाखवा." घोडा, म्हणजे मागचा हॅमर, अर्धा चढवून, बाजूचं झाकण उघडून, सिलिंडर एक एक घर फिरवत साही घरं मला दाखवलीत, मग मला स्वतःला बघायला लावलीत. रिव्हॉल्व्हर टेबलावर लांब ठेवून दिलंत. आणि म्हणालात, "आता हात बघू. कुठं दुखतंय?"

एवढंच. पण काका, एवढे दिवस हे कुणी विचारलं नव्हतं हो. सगळे बंदुकीकडे बघत होते, टार्गेटकडे बघत होते. तुम्ही खिशातून चष्मा काढून माझं बोट बघितलंत, आणि हात धरायच्या आधी परत विचारलंत, "धरू का, चालेल ना?" पंचाहत्तरीच्या घरातला माणूस, आयुष्य पलटणीत पोरांना शिकवण्यात गेलेलं, तुम्हाला कुणाला विचारायची काय गरज होती. तरी विचारलंत. मग सांध्यावरचा काळानिळा डाग बघून म्हणालात, "हा गार्डचा मार आहे बेटा. चूक तुमची नाही, तुम्हाला दुसऱ्याच पिस्तुलाची पकड शिकवलीये." मला तिथंच रडू आलं, तुम्ही बघितलं नाहीसं केलंत, त्याचे पण आभार.

मग खिशातलं निळं बॉलपेन काढून अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यातून खाली तळव्याच्या गादीपर्यंत एक रेघ ओढलीत, दस्त्याची पाठ ह्या रेघेवर बसली की नळी कोपरापासूनच्या हाताच्या सरळ रेषेत येते म्हणून. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या मुठीचा आकार कळला. ही मूठ कोल्ट ह्या अमेरिकन कंपनीच्या 1873 च्या रिव्हॉल्व्हरच्या वळणाची, खाली वळलेली, आणि ती मुळात लहानच असते, मोठ्या हाताच्या माणसाची तर करंगळी खालीच लोंबते. म्हणजे माझा हात छोटा ही अडचण नव्हतीच कधी! अडचण ही होती की ऑटोमॅटिक पिस्तुलासारखा हात वर सरकवून मधलं बोट गार्डला चिकटवायला लावत होते. तुम्ही मधलं बोट गार्डपासून जरासं खाली घ्यायला लावलंत, करंगळी दस्त्याच्या तळाशी दुमडून घ्यायला लावलीत, आणि सांगितलंत की दाब पुढून मागे द्यायचा, बाजूंनी आवळायचं नाही, बैलाचा कासरा धरतो तसं, सोडायचा नाही आणि करकचून ओढायचा पण नाही. धक्का बसला की ही मूठ तळव्यात थोडी फिरते, ती फिरू द्यायची, तिची बनावटच तशी आहे, नळी वर जाते आणि धक्का हाडावर बसायच्या ऐवजी तिकडे निघून जातो. मी आजवर जिवाच्या आकांतानं ती फिरू नये म्हणून धरून ठेवत होते.

घोडा डाव्या अंगठ्यानं चढवायचा म्हणजे उजव्या हाताची पकड मोडत नाही, हे पण तुमचंच. आणि डाव्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढे गेली की तुम्ही आवाज चढवला, तेवढ्या एकाच वेळेला चढवला, कारण सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाहेर येतात. तो ओरडा मला खूप आवडला काका, खरंच सांगते, कारण तो माझ्या बोटांसाठी होता. मग चहा पिताना तुम्ही सांगितलंत की कोल्टवाल्यांनी पण 1894 ला इंग्लंडच्या बिस्ली रेंजच्या नावानं जास्त उभ्या मुठीचं मॉडेल काढलं, खास टार्गेटवाल्यांसाठी. म्हणजे मूठ हातात नीट बसेना म्हणून कंपनी मूठ बदलते, आणि आमच्याकडचे एक्सपर्ट बाईलाच बदलायला सांगतात.

आता बोट दुखत नाही. गोळ्या आधी टार्गेटभर विखुरलेल्या असायच्या, त्या तळहाताएवढ्या जागेत येतात, रोज नाही पण येतात.

इंदूरच्या आसपास जाणकारांची काय कमी आहे सांगा. तुमच्या महूत आर्मीचं मार्क्समनशिप युनिट, 2012 ला लंडन ऑलिंपिकला रॅपिड फायर पिस्तुलात सिल्व्हर आणणारे विजय कुमार तेव्हा त्या युनिटचेच, इकडे बीएसएफची शस्त्रांची शाळा. माहिती असलेली माणसं गल्लोगल्ली मिळतील. पण समोरच्याला आधी विचारणारा, त्याचं ऐकून घेणारा, मग तोंड उघडणारा माणूस फार कमी मिळतो, बँकेत नाही, दवाखान्यात नाही, रेंजवर तर नाहीच. बाबा तसे होते. म्हणून कदाचित मला एवढं भरून आलं असेल. आईला मी पेनाची रेघ दाखवली तर ती म्हणाली आज हात धुऊ नकोस गं, राहू दे संध्याकाळपर्यंत.

फी विचारली तर तुम्ही रागावलात. ठीक आहे, फी नाही. पण रविवारी मी आणि आई महूला येतोय, काकूंना फोन करून तुम्ही घरीच असणार हे पक्कं करून घेतलंय. पुरण आई इथून वाटून आणतेय, पोळ्या तिथं गरम गरम करू, काकूंनी फक्त तवा द्यायचा. ह्याला नाही म्हणायचं नाही.

तुमची,
रामबागेतली मुलगी