शरदातल्या शेक्सपिअर महोत्सवासाठी आवाहन

रसिकहो, सप्रेम नमस्कार.

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत विद्यापीठाच्या खुल्या रंगमंचावर दर वर्षी होणारा शेक्सपिअर महोत्सव तुमच्या परिचयाचा आहेच. यंदा गो. ब. देवलांचं ‘ऑथेल्लो’वरचं ‘झुंझारराव’ (१८९०), वि. वा. शिरवाडकरांचं ‘मॅक्बेथ’वरचं ‘राजमुकुट’ (१९५४) आणि विंदा करंदीकरांचं ‘राजा लिअर’ (१९७४) ही तीन नाटकं करायचं ठरवलं आहे. तिन्ही पूर्ण, एकही प्रवेश न गाळता. त्यासाठी तुमच्याकडे मदत मागतो आहोत.

ही नाटकं एरवी रंगमंचावर फारशी का येत नाहीत? चार-पाच पात्रं आणि एका गाडीत मावणारं नेपथ्य, एवढ्यातच आज निर्मात्याचं गणित बसतं. ‘लिअर’ला राजा, तीन मुली, जावई, ग्लॉस्टर, त्याचे दोन मुलगे, केंट, विदूषक लागतात, शिवाय सरदार, सैनिक, जासूद. एवढी माणसं रोज संध्याकाळी तालमीला जमणं विद्यापीठातच शक्य आहे. म्हणून हे काम आपण करायलाच हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मराठीतल्या शेक्सपिअरचं वर्गाशी नातंही जुनं आहे. ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ (१८८३) लिहिणारे गोपाळ गणेश आगरकर पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिणारे वासुदेव बाळकृष्ण केळकर तिथेच इंग्रजीचे प्राध्यापक होते. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे नट गणपतराव जोशी यांनी हॅम्लेट गाजवला, तो आगरकरांच्याच संहितेवर. विंदांनीही अनेक वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं.

सध्या ‘लिअर’च्या वादळाची तालीम चालू आहे. गडगडाटासाठी विंगेत लोखंडी पत्रा टांगला आहे, दोघं मिळून तो हलवतात. लिअर करणारा मुलगा नंदुरबारकडचा, घरी अहिराणी बोलणारा. पत्र्यावर आवाज चढवताना त्याच्या वाक्यांचे शेवट गिळले जात होते. मग पत्रा थांबवून त्याच्याकडून सगळं भाषण आधी हळू आवाजात, एकेक शब्द सुटा म्हणवून घेतलं. आता तो पत्र्यावर मात करतो. असं घडायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मुलांच्या जेवणाची सोय लागते. तालीम संपेपर्यंत मेस बंद झालेली असते, आणि बाहेर रोज खाणं बहुतेकांना परवडत नाही. म्हणून देणगीतला पहिला वाटा तालमीच्या जेवणाचा.

सगळ्यात मोठा खर्च प्रकाशयोजनेचा. दिवे, डिमर, जनरेटर सगळं भाड्याने आणावं लागतं. परतीच्या पावसाचा भरवसा नाही, तेव्हा मंचावर पक्का मांडव आणि वायरिंगवर ताडपत्री हवीच. प्रवेश विनामूल्य आहे आणि तो तसाच ठेवायचा आहे, कारण आसपासच्या तालुक्यांतून शाळा-कॉलेजांची मुलं येतात आणि त्यांतल्या अनेकांनी पूर्ण लांबीचं नाटक त्याआधी पाहिलेलं नसतं.

पैसेच द्यावेत असं नाही. वापरात नसलेले शालू, शेले, उपरणी, धोतरं, फेटे, शेरवान्या द्या. कात्री लावायची वेळ आली तर आधी विचारू. टेम्पो असेल तर नेपथ्य हलवायला एक दिवस द्या. सुतारकाम, शिवणकाम, रंगभूषा येत असेल तर मुलांना शिकवायला या. आणि ‘राजमुकुट’मध्ये दुर्गाबाई खोटे यांचं काम पाहिलेलं कोणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना एकदा तालमीला घेऊन या, आम्ही गाडी पाठवू. जुनी हँडबिलं, फोटो असतील तर प्रती काढून लगेच परत करू.

देणगी कितीही चालेल, शंभर रुपयेही. नाट्यविभागाच्या कार्यालयात रोख किंवा चेकने स्वीकारली जाईल, पावती जागेवर मिळेल. महोत्सवानंतर जमाखर्च विभागाच्या फलकावर लावू. कपडे मात्र घटस्थापनेपूर्वी पोहोचावेत, म्हणजे मापं घेऊन शिवायला सवड मिळेल.

आपले,
महोत्सव समिती
नाट्यविभागाचे आजी-माजी विद्यार्थी