एकच बायोडाटा चाळीस ठिकाणी

मा. संपादक,

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी २२ वर्षे नोकरभरतीचे काम केले. परवा शेजारची मुलगी बायोडाटा दाखवायला आली. महापेच्या एका गोदामात डिस्पॅच असिस्टंटची जागा होती. जाहिरातीत स्वच्छ लिहिलेले : ई-वे बिल, टॅली, स्टॉक रजिस्टर. हिच्या पहिल्या पानावर मात्र वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि 'छंद : वाचन'. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागते. ती दोन वर्षे रोज हेच काम करत होती. ते दुसऱ्या पानाच्या तळाशी, 'ऑफिसची इतर कामे' एवढ्यात संपवलेले! हाच कागद तिने चाळीस ठिकाणी पाठवला होता. जीव तुटला माझा.

आम्ही ते काम सगळ्यात वर आणले, दिवसाला किती बिले निघायची तेही लिहिले. जे येत नाही ते एक अक्षरही घातले नाही; मुलाखतीत ते लगेच उघडे पडते.

ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांना कळकळीची विनंती : शेवटच्या वर्षाच्या मुलांना छापील नमुना वाटू नका. खरी जाहिरात हातात द्या आणि तिच्यासाठीच बायोडाटा लिहून घ्या.

– एक निवृत्त कर्मचारी, ऐरोली