मंदे, कुंदाला फोन कर

प्रिय मंदे,

तब्येत बरी. साखर काठावर, बाकी नेहमीचंच. पत्र कुंदापायी लिहितेय. तिने नैराश्याची गोळी बंद केली, डॉक्टरांनाही न सांगता. आता रात्री केशर घातलेलं दूध घेते. ग्रुपवर आलं होतं म्हणे, 'केशर नैराश्याच्या गोळीइतकंच गुणकारी, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.' घरात कुणाशी बोलू? हे म्हणतील, 'बरंच झालं, गोळ्यांची सवय वाईट.' त्या पावसाळ्यात तू गोळी सोडलीस तेव्हाचं फक्त आपल्या दोघींना ठाऊक आहे, म्हणून तुलाच.

मला वाटलं, थाप असणार. ती खोडून काढायला बसले, तर थाप नाही गं! तीच पंचाईत. तेहरानच्या डॉक्टरांनी खरंच प्रयोग केलेत. 2004 साली इमिप्रामिनशी तुलना, 2005 साली फ्लुऑक्सेटिनशी, दोन्ही नैराश्याचीच औषधं. कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, असं सगळं रीतसर. रोज 30 मिलिग्रॅम केशर, सहा आठवडे. दोन्ही गटांना जवळपास सारखाच उतार. औषध नसलेल्या नुसत्या कॅप्सूलपेक्षाही केशर सरस ठरलं. म्हणजे कुंदाला 'खोटं आहे' म्हणायची सोय नाही, आणि खोटं बोललं की ती लगेच ओळखते.

पण माणसं किती? एका प्रयोगात 30, दुसऱ्यात 40. आपल्या गॅदरिंगच्या नाटकात याहून जास्त होती, त्यातली निम्मी झाडं. इतक्या थोड्यांत फरक दिसला नाही म्हणून दोन्ही औषधं सारखी ठरत नाहीत. शिवाय आजार सौम्य ते मध्यम. कुंदाचा सौम्य होता? तू पाहिलंयस तिला. आणि जगातलं बहुतेक केशर इराणातच पिकतं. त्याने प्रयोग खोटे होत नाहीत, पण हापूस कुणाचा चांगला याचा निकाल रत्नागिरीच्या पंचांनी दिला तर देवगडवाले ऐकतील का?

बरं, तिथे दिला होता तो मोजून कॅप्सूलमध्ये भरलेला अर्क. ही घालते चिमूट. मी हिशेब केला (हसू नकोस, गणितात तूच माझी वही उतरवायचीस, काहीही सांगत फिरलीस तरी). किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, फुलाला तीन तंतू, म्हणजे एक तंतू दोन मिलिग्रॅमच्या आसपास. 30 मिलिग्रॅमला तेरा-चौदा काड्या. तेही केशर खरं असेल तर! तिच्या शेजारणीने काश्मीरहून आणलेली डबी मी पाहिली. पाण्यात टाकल्याबरोबर पाणी लालभडक आणि काडी पांढरीफटक. खरं केशर सावकाश पिवळं सुटतं आणि काडी बराच वेळ लाल राहते. करडईच्या पाकळ्या नाहीतर रंगवलेले मक्याचे केस असणार. तुझ्या पाडव्याच्या श्रीखंडातलं 'केशर' आठवलं. तो खायचा रंग होता, मंदे, अजूनही म्हणते.

डोळ्यांच्या पडद्याच्या झिजेवर इटलीत आणि ऑस्ट्रेलियात रोज 20 मिलिग्रॅम देऊन पाहिलंय, थोडा फायदा दिसला. गोऱ्या बाळाचं मात्र निव्वळ थोतांड. माझ्या आईने नऊ महिने केशर-दूध प्यायलं आणि मी ही अशी निघाले.

दुधाला माझी हरकत नाहीच. चिमूटभराने काही होत नाही, पाच-पाच ग्रॅम खाल्लं तर विषारी. भीती गोळी एकदम तोडल्याची आहे. परवा म्हणाली, डोक्यात झटके येतात, झोप उडालीय, पण 'केशर लागू पडायला वेळ लागतो'. तुझंही असंच सुरू झालं होतं ना? मी 'डॉक्टर' म्हटलं की ती फोन ठेवते. तू तुझी गोष्ट सांगितलीस तर ऐकेल. सांगायची नसेल तर नको सांगूस, माझी जबरदस्ती नाही. दूध पी, पण गोळी परत चालू करायचं डॉक्टरांना विचार, आणि केशराचंही त्यांच्या कानावर घाल, एवढं जरी तिच्या गळी उतरवलंस तरी पुरे.

मिहिरच्या व्हिसाचं काय झालं? गुडघ्याला पट्टा लावतेस ना? नवीन घराचे फोटो पाहिले, ओटा फार छान.

फोन दुपारी कर, तीननंतर. रविवारी नको, नणंद बसलेली असते आणि ग्रुप तिचाच आहे.

तुझी,
वसू