डाकार रॅली पूर्ण करणारा पुण्याचा रॅलीपटू

महोदय,
पुण्याचे रॅलीपटू संजय टकले यांनी जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातील डाकार रॅली ही लांब पल्ल्याची मोटार शर्यत क्लासिक म्हणजे जुन्या गाड्यांच्या गटात टोयोटा लँड क्रूझर चालवून पूर्ण केली. या गटात केवळ वेगाला महत्त्व नसते. आखून दिलेला सरासरी वेग वाळवंटातही अचूक राखत, सहचालकाच्या सूचनांवर विसंबून, जुन्या बांधणीची गाडी जवळपास दोन आठवडे धडपणे न्यावी लागते. आशिया-पॅसिफिक रॅली मालिकेतील त्यांचा अनुभव इथे कामी आला असणार. हौशी चालकाला प्रायोजक नसेल, तर टायर, सुटे भाग आणि गाडीची वाहतूक हा सारा खर्च स्वतःच सोसावा लागतो. चाकण परिसरातील मोटार उद्योगाने तरी होतकरू चालकांना पाठबळ द्यावे आणि आपल्या क्रीडापानानेही त्यांची नियमित दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे